गोलजाळीतलं निळं सूत

दामूचा शेवटचा फोन फुटबॉल संघाच्या फॉर्मांबद्दल होता. "ताय, फॉर्म आले काय गो? यंदा अठरा पोरगे हाईत. अक्षर सांभाळून काढ." मी म्हटलं, माझं अक्षर मी जन्मभर सांभाळलेलंच आहे, तू तुझी खोकल्याची बाटली सांभाळ. तो हसला, हसताना खोकला, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचे कप विसळत होते तेव्हा त्याच्या बायकोचा, शालिनीवहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "वन्सं, हे उठतच नायत..."

सई, निहार, तुम्ही मेलबर्नला होतात. तुम्ही दामूआजोबांना शेवटचं पाहिलंत ते फोनच्या पडद्यावर, आणि निहारने विचारलं, "आजी, त्यांच्या उशाशी ती लाकडाची पट्टी कसली आहे?" तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आता सहा आठवडे झाले आहेत, मन थोडं जागेवर आलं आहे, म्हणून नीट लिहिते. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. ती पट्टी नव्हती. ती जाळं विणायची सुई होती, आमच्या वडिलांच्या हातची, आणि तिच्यावर निळं सूत गुंडाळलेलं होतं.

आमचं घर रत्नागिरीच्या बंदरावरचं, मासेमारीचं. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले. माझा धाकटा भाऊ दामू आठवीतच होडीवर गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा होडी सुटली आणि तो ओट्यावर बसून लोकांची जाळी दुरुस्त करू लागला. पण त्याचा जीव होता बंदराच्या फुटबॉल संघात. स्वतः तो बरा खेळत नसे, हे तोच सांगायचा. त्याचं काम म्हणजे गोलपोस्टांना बांधायचं जाळं. मासळीच्या जुन्या जाळ्यांतून तो ते बेतायचा, दर सामन्याच्या सकाळी जाळ्याचं एकेक घर, एकेक गाठ बोटांनी तपासायचा. सामना कुणाचाही असो, अगदी आमच्या जन्माच्या वैऱ्यांचा, म्हणजे वरच्या आळीचा असला तरी, जाळं दामूच बांधणार, असा रिवाजच पडला होता. संघाची कागदपत्रं माझ्याकडे असत, कारण खेळाडूंचे फॉर्म इंग्रजीत भरावे लागत आणि दामूच्या मते बंदरावर इंग्रजी फक्त मला आणि कस्टमच्या साहेबाला येत होतं.

बारा वर्षांपूर्वी बंदरावर एक पोरगा नावारूपाला येत होता, इरफान. माझ्याच वर्गात शिकलेला. इंग्रजीत यथातथा, पण पायात चेंडू आला की बघत राहावं असा. पुळणीच्या वाळूवर अनवाणी खेळून दामूच्या डोळ्यांसमोर तो सेंटर फॉरवर्ड झाला. बंदराने कित्येक वर्षांत करंडक पाहिला नव्हता, आणि तो आता इरफानच आणणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दामू फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "ताय, तू लिहून ठेव. पोरगा आपलाच हाय. सही काय, चालता चालता करील." मला असली घाई आवडत नाही. तरी मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला. सहीची जागा तेवढी मोकळी राहिली. दामूने चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, इरफान आपल्याकडे. आणि आठवड्याभरात कळलं की इरफानने वरच्या आळीकडून सही केली. त्यांच्या अध्यक्षांनी त्याला बर्फाच्या कारखान्यात कायमची नोकरी लावून दिली होती. त्याच्या वडिलांची होडी तेव्हा दुरुस्तीसाठी काठावर पडून होती, घरात तीन बहिणी. आमच्या संघाकडे द्यायला वडापाव आणि शाबासकी होती. मला ते पटलं, बंदराला नाही. टपरीवर तो आला की लोक उठून जात. दामू उठून गेला नाही, पण बोललाही नाही.

आणि त्याच वर्षी अंतिम सामना झाला बंदर विरुद्ध वरची आळी असा. फुटबॉलच्या सामन्याला मी तेव्हा पहिल्यांदाच गेले. मैदान समुद्राकडेला, संध्याकाळची वेळ, बरोबरी, आणि पाचेक मिनिटं उरलेली. इरफानने कोपऱ्यातून असा काही फटका मारला की चेंडू दिसलाच नाही. दिसला तेव्हा तो गोलच्या मागे वाळूत पडलेला होता. वरची आळी नाचायला लागली. आमचा गोलकीपर हात हलवत धावला, चेंडू पोस्टच्या बाहेरून गेला म्हणाला. रेफ्री एका शाळेचे पीटीचे शिक्षक, सरळ माणूस. मावळतीचं ऊन त्यांच्या थेट डोळ्यांत होतं. ते जाळ्यापाशी गेले तर पोस्टजवळ मोठं भोक. चेंडू आतून ते पाडून गेला असेल तर गोल. पण भोक आधीचंच असेल तर गोलकीपरचं खोटं म्हणता येत नव्हतं. त्यांनी दामूला बोलावलं. "दामूशेठ, जाळं तुम्ही बांधलंत. भोक सकाळी होतं का? होतं म्हणालात तर मी गोल देऊ शकत नाही."

मागून आमच्याच माणसांचे आवाज सुरू झाले. "दामूकाका, सांग की, जुना जाळा, उंदरांनी खाल्लेला." सगळे हसले, पण ते हसणं विनवणीचं होतं. मी दामूच्या पाठीकडे बघत होते. त्याने जाळ्याची कड हातात घेतली, एकेक धागा बोटांत फिरवला. एवढा वेळ लावला की मला वाटलं, हा आता खोटं बोलणार... मग वळला. "भोक नव्हता. सकाळी मी बोटांनी बघितलाय. बॉल आतून गेलाय." रेफ्री शिट्टी तोंडाशी नेत होते, तर त्याने त्यांना थांबवलं. "अजून एक ऐका. सूत तुटलेला नाय. गाठ सरकलेय. नायलॉन निसरडा, त्याला दोन फास लागतात, मी घाईत एक दिला. चूक माझी, गोल त्याचा." जाळी विणून पोट भरणाऱ्याने भरल्या मैदानात आपली गाठ सुटली म्हणून सांगायचं, म्हणजे काय, हे आम्हा बंदरावरच्यांना कळतं. हे दुसरं वाक्य त्याच्याकडे कुणी मागितलंही नव्हतं. मुलांनो, मी पस्तीस वर्षं शाळेत सत्यावर निबंध लिहून घेतले. त्यांतला एकही त्या दोन वाक्यांच्या जवळ येत नाही.

आम्ही हरलो. बंदराने दामूला सोडलं नाही. "दामू, पुढल्या वर्षी बॉल उचलून तूच आत नेऊन ठेव, त्यांना धावायचा त्रास नको," असं कितीतरी दिवस चाललं. त्याने ओट्यावर बसून ते भोक भरलं, पण निळ्या सुताने. मी म्हटलं, घरात पांढरं सूत आहे की रे, हे ठिगळ लांबून दिसतंय. "दिसू दे," म्हणाला.

पुढच्या वर्षी फॉर्मांच्या दिवसांत इरफान आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. कारखान्यातल्यांना सांगून आलो, म्हणाला, नोकरी राहील नाहीतर जाईल. "काका, सही करायला आलोय." मी उठून फाईल काढली. गेल्या वर्षीचा सहीविना राहिलेला फॉर्म मी टाकला नव्हता, त्याच्याच खाली नवा होता. बंदर ज्या पोराची वाट बघत होतं तो पायरीवर उभा होता, आणि दामू म्हणाला, "नको. तू तिकडंच खेळ." इरफानचा चेहरा पडला. तो गेल्यावर मी दामूवर चिडले. एवढं सोसलंस ते कशासाठी? तो सूत गुंडाळत होता, मान वर न करता म्हणाला, "ताय, तू पोरांना पास करतेस, मग त्यांच्या घरचा नारळ घेतेस काय?" मी घेत नसे. मी फॉर्म परत फाईलीत ठेवला. इरफानची सही घेतली असती तर गावात कुणीतरी म्हणालंच असतं, दामूने गोल दिला तो यासाठी.

इरफान पुढे मुंबईला गेला, एका मोठ्या कंपनीच्या संघातून खेळला. त्याने गोल केल्याची बातमी आली की दामू टपरीवर वाचून दाखवायला लावायचा आणि शेवटी म्हणायचा, "बंदराचा पोरगा हाय." तोवर टपरीसुद्धा तेच म्हणायला लागली होती. वरच्या आळीची पोरंही आपलं जाळं शिवायला दामूच्याच ओट्यावर येत. कधीमधी सामन्यात वाद झालाच, तर लोक म्हणत, दामूकाकाला विचारा.

मागच्या आठवड्यात इरफान आला. आता चौतिशीचा आहे, गुडघ्याला पट्टा, मुंबई सोडून कायमचा घरी परतलेला. शालिनीवहिनीच्या पाया पडला. मग मला म्हणाला, "बाई, माझा फॉर्म भरायचा राहिलाय." फॉर्म माझ्या मांडीवरच्या फाईलीत होते, पण माझा हात पुढे होईना. दामूने ज्याला नाही म्हटलं त्याला मी हो कशी म्हणू? मी वहिनीकडे पाहिलं. ती डोळे पुसून म्हणाली, "वन्सं, आता ह्यांना काय मिळायचं राहिलंय? कोण काय बोलेल? करू दे सही."

जुना फॉर्म आता चालत नाही, म्हणून नवा घेतला. मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. दामूने शेवटच्या फोनवर सांगितलं तसं, अक्षर सांभाळून. इरफानने सही केली, अगदी सावकाश, परीक्षेत करायचा तशी.

रविवारी पोरांनी दामूचं जाळं मैदानावर बांधलं. मीही गेले. इरफान पोस्टपाशी वाकून ते निळं ठिगळ बघत होता. मी चष्मा लावला आणि एकेक गाठ बोटांनी तपासली. कोळ्याची मुलगी आहे मी, हात विसरलेले नाहीत. प्रत्येक गाठीला दोन फास आहेत.