भाऊजींचं अर्धं मशीन

यवतमाळ जिल्ह्यातल्या निम्म्या भंगारवाल्यांची पोरं आमच्या भाऊजींच्या जिवावर शिकली, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. जी वस्तू दुकानात मिळते ती दुकानातून आणणं हा या माणसाला स्वतःचा अपमान वाटतो. ताई त्यांना वांगी आणायला पाठवते, ते भरल्या पिशवीनं परत येतात, आणि पिशवीतून निघतो कुठल्यातरी मेलेल्या जीपचा गिअर. वांग्यांचं विचारलं तर म्हणतात, "वांगे उद्याबी भेटते. हा गिअर उद्या भेटन का?" एका उन्हाळ्यात माझी आई सहज बोलून गेली, की कुरडयांचा सोऱ्या दाबून दाबून मनगट भरून येतं. जावयासमोर असं काही सहज बोलायचं नसतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवसांनी भाऊजी सोऱ्याला गाडीचा जॅक जोडून हजर! पहिल्याच दाबाला सोऱ्याचं बूड उडालं आणि अख्ख्या घाण्याचा चीक बदकन बाजेवर पडला. आई डोक्याला हात लावून बसली. भाऊजी मात्र वाकून त्या लगद्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "पायलं का, ताकद किती हाये!"

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्यांची पत्र्याची शेड आहे आणि शेडच्या मागच्या दोन खोल्यांत संसार. शेडमध्ये एक जुनं मिलिंग मशीन आहे. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: वर कटर फिरतो, खाली लोखंडी टेबलावर काम बांधलेलं असतं, आणि हँडल फिरवून ते टेबल कटरखालून मुंगीच्या पावलानं पुढे सरकवायचं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या शाफ्टांना, चाक घसरू नये म्हणून ठोकतात त्या लोखंडी चावीची खाच पाडून देणं हे यांचं मुख्य काम. हँडल जोरात फिरवलं तर कटर तुटतो, मधेच थांबलं तर खाचेत वळ उमटतो. सगळ्या एमआयडीसीत हे काम एकेकटा माणूस करतो. आमच्या भाऊजींना ते जमत नाही, कारण अर्ध्या खाचेत त्यांना नवा शोध सुचतो, हात जागच्या जागी थांबतो आणि शाफ्ट वाया जातो. म्हणून हँडल फिरवायला माझी ताई. हाताखालचा माणूस काम सोडून गेला तेव्हा दोन दिवसांपुरती उभी राहिली ती तिथलीच झाली. सकाळचा स्वयंपाक उरकला की पदर खोचून हँडलपाशी. ती फिरवणार आणि हे महाशय शेजारी तेलाची बाटली घेऊन "हळू... हळू..." म्हणत उभे राहणार. हळूच फिरवत होती ती! तिच्याइतकं एकसारखं हँडल त्या भागात कुणी फिरवत नसेल. पण सांगितल्याशिवाय यांना करमत नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. ताईचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे फिरवणं बंद करा, नाहीतर हात कायमचा आखडेल. माझं घाटंजीला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माल घ्यायला यवतमाळला आलो की वाकडी वाट करून मी ताईकडे जातो. त्या दिवशी ती डाव्या हातानं केस विंचरताना दिसली आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भाऊजी, टेबल आपोआप सरकवणारं पॉवर फीड म्हणून मिळतं. मी चौकशी केली आहे. उद्या नागपूरला जातो, घेऊन येतो."

"विकतचं?" मी चोरीचा माल आणायला निघाल्यासारखं त्यांनी विचारलं. "साळेबुवा, विकत तं कोणीबी घेते. मी बनवून राह्यलो ना!"

"कधी होईल?"

"झालंच समजा. आन् तुमाले काय समजते त्यातलं? तुमी वह्या विका."

झालंच म्हणता म्हणता दसरा जवळ आला. कापूस निघण्याआधी जिनिंगवाल्यांना शाफ्ट हवे होते, आणि ताई डाव्या हातानं हँडल फिरवत होती. उजवा गेला तर डावा आहे ना, म्हणायची. माझा जीव तळतळत होता. आणि इकडे यांचा पहिला शोध बाहेर आला. भंगारातल्या बसचा वायपर काढून त्यांनी हँडलला जोडला. नुसती मोटर नव्हे, काच पुसणाऱ्या दांड्यांसकट सगळा सांगाडा. बटण दाबलं. टेबल वीतभर पुढे गेलं, वीतभर मागे आलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वायपर दुसरं काय करणार बिचारा? शेजारच्या शेडमधली माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या खेपेला कूलरच्या पंख्याची मोटर लावली. टेबल असं सुसाट सुटलं की कटर तुटून त्याचा तुकडा वरचा पत्रा फोडून गेला. बरं झालं, ताई तेव्हा आत होती! त्या भोकातून आता दुपारी नेमकं मशीनवर ऊन पडतं. मी बोंबललो तर म्हणतात, "फुकटाचा उजेड हाये, तुमचं काय जाते?"

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. मी हे आनंदानं लिहीत नाही. तीच वायपरची मोटर, पण दांड्या काढून. तिच्यावर सायकलचं लहान चक्र, हँडलच्या मागे मोठं, मधे साखळी. टेबल असं संथ सरकायला लागलं की ताईचाच हात वाटावा. टोकाला पोचलं की टेबल दारावरच्या बेलचं बटण दाबतं, मोटर थांबते आणि आत स्वयंपाकघरात बेलमधली चिमणी चिवचिवते. चिमणी ओरडली की ताई बाहेर येते, साखळी उतरवते आणि डाव्या हातानं टेबल मागे घेते.

म्हणजे टेबल आपोआप जातं, पण आपोआप येत नाही! एवढा खटाटोप करून मशीन अर्धंच. एमआयडीसीत सगळे भाऊजींना विचारायला लागले, "काय मिस्त्री, गेलेलं टेबल वापस आलं का?" मीही सोडलं नाही. घाटंजीच्या एका बॅटरीवाल्याला विचारून गेलो आणि चारचौघांत म्हटलं, "भाऊजी, मोटरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या की ती उलटी फिरते म्हणतात. वह्या विकणाऱ्याला कळतं, तुम्हाला कसं कळलं नाही?"

जो माणूस साध्या खिळ्यावर तासभर भाषण देतो, तो खाली मान घालून चिंधीनं हात पुसत राहिला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

आत जेवायला बसलो. ताईनं भाकर वाढली, तीही डाव्याच हातानं, आणि हळूच म्हणाली, "कायले बोलतं रे त्यायले? फिरते ना उलटी. पह्यल्याच दिवशी फिरवली त्यायनं. मीच म्हटलं, वापस आणाचं येवढं मले राहू द्या."

"काहून?"

"मंग मी दिवसभर मांगं खोलीत काय करू? इतके वर्स तिथं उभी राह्यली. रिकामं टेबल हाये, हलकं फिरते, खांद्याले काई होत नाई. त्यायच्यासंग तेवढ्याच दोन गोष्टी होते."

"अगं, लोक हसून राह्यले त्यांना!"

"मी बी तेच म्हटलं. तं म्हणाले, हसू दे."

माझ्या तोंडात घास होता. तेवढ्यात चिमणी चिवचिवली. ताईनं हात धुतला, पदराला पुसला आणि लगबगीनं बाहेर गेली. माझ्या ताटात वरण वाढायचं राहिलं ते राहिलंच. बाहेरून साखळी उतरल्याचा आवाज आला, मग हँडलची कुरकुर, आणि मग भाऊजींचा आवाज, "हळू... हळू..."

रिकामं टेबल मागे आणायला हळू कशाला लागतं, हे त्या माणसाला एकदा विचारायचं आहे. अजून विचारलं नाही.