आमच्यातलं बाहेर कोण नेतं?

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांच्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? शंकाच आहे.

मी तशी जन्माची संशयी. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघते, मग साखळी लावून दार उघडते, आणि मग विचारते, "काय काम आहे?" तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी पाठमोरी असतानाही कॉपी करणारं पोर मला कळायचं — त्याचा केवढा तोरा होता मला!

निवृत्त झाल्यावर वर्षभर टांझानियातल्या एका गावी, शाळेत विनामूल्य शिकवायला गेले. तिथे आम्ही पाच पुणेकर जमलो. कोथरूडचे कुलकर्णी पती-पत्नी, आयटीतली नोकरी सोडून आलेली तन्वी, मी — आणि रेखा. दर रविवारी माझ्या खोलीत वरणभात. इथे शेजारणीला वाटीभर साखर देताना दहादा विचार करणारी मी, तिथे आग्रह करकरून वाढत होते! आणि गप्पा? शाळेतल्या सगळ्यांची उणीदुणी, त्यांच्या समोर बसून, हसत हसत, मराठीत. आपली भाषा तिथे कोणाला कळतेय? खुशाल बोला!

एकदा शनिवारी भर उन्हात खेळांचे सामने ठरले. आम्ही ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसून मोठ्यानं बेत केला — शनिवारी सगळ्यांची पोटं दुखणार. शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाई आल्या, टेबलावर औषधाच्या पुड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, उद्या ज्यांचं पोट दुखणार आहे त्यांनी आजच घ्या.

आम्ही गार. घरभेदी कोण?

मला वाटलं, मला माहीत आहे. रेखा नर्स होती. राहायला कात्रजला, पण मूळची गोंदियाकडची. "काय करून राहिले काकू?" असं बोलायची, आणि मी मनातल्या मनात नाक मुरडायचे. रोज संध्याकाळी ती बाईंचं ब्लडप्रेशर तपासायला जायची. बस्स, एवढा पुरावा मला पुरला. जन्मभर पोरांना "सिद्ध करून दाखवा" म्हणणारी मी!

मी बाकीच्या तिघांना सांगितलं, "जपून बोला. ती सगळं वर पोचवते." तुम्हाला कसं कळलं, असं एकानंही विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून तिला बोलावणं बंद. ती दिसली की आम्ही हवापाण्यावर बोलायचो. एकदा दारात येऊन तिनं विचारलंच, "काकू, माझं काही चुकलं का जी?" मी म्हटलं, "छे गं, तुझ्या मनाचे खेळ." ती वळली तेव्हा तिच्या हातात डबा होता. तिनं काहीतरी करून आणलं होतं.

आणि आम्ही चौघं? आम्ही अगदी एका ताटात जेवल्यासारखे झालो. कुणाविषयी तरी कुजबुजायला मिळालं की माणसं किती पटकन जवळ येतात — नाही?

महिन्याभरानं मी व्हिसाच्या कागदासाठी ऑफिसात गेले. कारकून इमॅन्युएल फायली उपसत होता. मी वैतागून पुटपुटले, "काय हा पसारा! मेल्याला एक कागद सापडेल तर शपथ."

मान वर न करता तो म्हणाला, "सापडेल काकू. बसा."

स्वच्छ मराठीत! चार वर्षं पुण्यात शिकला होता. भाड्याची खोली — कुठे म्हणाल? कर्वेनगरात. पोटदुखीचं त्यानंच बाईंना सांगितलं होतं, गंमत म्हणून. आम्ही थट्टा करतोय असं त्याला वाटलं होतं. पुण्याला परदेशी मुलं शिकायला येतात हे मला ठाऊक नव्हतं का? आमच्या गल्लीत रोज दिसायची की!

तेव्हाच उठून रेखाकडे जायला हवं होतं. मी काय केलं? त्याला म्हटलं, "तुला मराठी येते हे बाकीच्यांना सांगू नकोस हं." तो हसला. त्यानं शब्द पाळला.

चूक कुणाचीही होते हो. पण हे मी कळून-सवरून केलं. सांगितलं असतं तर माझा शहाणपणा गेला असता, आणि कदाचित रविवारही.

दोन महिन्यांनी, मुदत अर्धीसुद्धा झाली नव्हती, तोवर रेखा परत निघाली. बसपर्यंत पोचवायला मी एकटीच गेले. माया म्हणून? नाही. तिला काही कळलंय का, ते चाचपायला. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

आम्ही चौघं अजून पुण्यात भेटतो. त्या "हेर बाई"चा किस्सा दर खेपेला निघतो. मी म्हणते, "जाऊ द्या हो, झालं ते." सगळ्यांना माझं मन मोठं वाटतं.

आणि दर दिवाळीला रेखाचा मेसेज येतो — "काकू, तिथे एक तुम्हीच माझ्या होता."

यंदाही आला. मी लिहिलं, "सुखी राहा, बाळा."