थंड भट्टीची गरम नळी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. सासरी गाडीला लिंबू-मिरची बांधतात, ती दिसली की मला फक्त सायट्रिक ॲसिड आठवतं. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय आणि पोट भरतं तेही ॲसिडवरच. या ग्रुपवरचे अनुभव माझा नवरा जेवताना मोठ्याने वाचतो आणि मी प्रत्येकातली खोट काढते. वारा असेल, मांजर असेल, तुम्हाला डुलकी लागली असेल... तर आता माझी पाळी. काढा खोट. खरंच काढा, मला बरंच वाटेल.

मी राहते नाशिकला, इंदिरानगरात. माहेर निफाडजवळचं. माझं काम ऐकून बायका तोंडावर हात ठेवतात — मी कारखान्यांतल्या भट्ट्यांच्या पाण्याच्या लाइनी साफ करून देते. म्हणजे काय, तर लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं. त्याला कॉइल म्हणतात. ती तापून वितळू नये म्हणून तिच्या आतून सतत गार पाणी फिरवावं लागतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं आहे ते तुमच्या गिझरला विचारा. तोच पांढरा थर, वर गंज, वर चिखल, असं सगळं कॉइलमध्ये बसत जातं आणि पाण्याची वाट अरुंद होते. मी पंपाने सौम्य ॲसिड फिरवून तो गाळ काढते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. भट्टीच्या पोटात लोखंडाचा उकळता रस असतो आणि त्याच्यापासून वीतभरही लांब नाही इतक्या जवळून हे पाणी वाहत असतं. मध्ये फक्त भट्टीचं अस्तर, लायनिंग. पाणी जर रसाच्या खाली शिरलं तर क्षणात त्याची वाफ होते आणि रस वर उडतो. भट्टीपुढे उभा असलेला माणूस मग उरत नाही. मी उगाच घाबरवत नाहीये, फाउंड्रीत काम करणारं कोणी असेल तर विचारा.

आणि अंबडच्या त्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा माणूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. शिवाजीदादा. मेल्टिंगचा सुपरवायझर. रसाचं टेम्परेचर घ्यायला तो स्वतः प्लॅटफॉर्मवर जातो, दुसऱ्याला पाठवत नाही. तिथलं काम मला त्यानेच मिळवून दिलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच जीव ओतून करायचे. बहिणीने घाण केली असं त्याला कोणी म्हणायला नको!

आमच्या कामात हाताला फार महत्त्व आहे. कॉइलमधून परत येणाऱ्या पाण्याच्या नळ्या भट्टीच्या मागे ओळीने असतात. भट्टी चालू असताना त्यांच्यावर तळहात फिरवायचा. जिच्यातलं पाणी तुंबलंय ती जास्त गरम लागते. माझ्याकडे टेम्परेचर गन आहे, पण हात आधी जातो. भाकरी शेकली का हे कोणी मीटर लावून बघत नाही ना, तसंच. आणि मला एक सवय आहे — सगळं काम संपलं की निघण्याआधी बंद भट्टीच्या नळ्यांवरही मी एकदा हात फिरवते. त्याला शास्त्रीय अर्थ शून्य. बंद भट्टीच्या नळ्या गारच असणार. दादा चिडवायचा, "झाली का गं गोठ्यातली फेरी?" आमची आई गाईंच्या पाठीवर असाच हात फिरवून मग घरात येते.

ही गोष्ट मागच्या थंडीतली. भट्टी दोन दिवस बंद होती. मेन स्विच काढून त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी एकेक नळी सुटी करून ॲसिड फिरवलं. काय घाण निघाली म्हणून सांगू! आधी फेस, मग चहासारखं पाणी, मग खपल्याच्या खपल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, पीएच पेपर लावून ॲसिड उरलं नाही ना ते पाहिलं, आणि शेवटी प्रेशर टेस्ट घेतली. पाणी दाबाने भरायचं आणि गेजचा काटा खाली येतो का बघायचं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती नाही. मी खूश. प्लँटचे मॅनेजर भामरे साहेब माझ्याहून खूश, कारण दुपारच्या शिफ्टला भट्टी चालू करून माल काढायचा होता. भंगार ट्रॉलीत भरून तयार होतं. ऊन चांगलं वर आलं होतं, शेडमध्ये लख्ख उजेड होता. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल अंधारात भास झाला.

मी ग्लोव्हज काढले, हात धुतले, पुसले आणि नेहमीसारखा नळ्यांवर हात फिरवायला लागले. पहिली गार. दुसरी गार. मग पुढच्या नळीवर, जिथे ती तांब्याच्या तोंडाला जोडलेली असते तिथे, हात ठेवला आणि...

तापलेला तवा. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. हातातून थेट दातापर्यंत कळ गेली. मी किंचाळले, हात झटकन मागे घेतला. निदान मला तसं आठवतंय. भानावर आले तेव्हा दादाने माझं मनगट धरलं होतं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, माझा हात बघून. हात होताच तसा, तळव्यावर आणि चार बोटांवर नळीच्या जाडीचा आडवा पट्टा, कातडी सुटलेली.

"दादा, नळी! नळी तापलीये!"

दादाने त्याच जागेवर आपला पंजा ठेवला. ठेवून तसाच उभा राहिला.

"गार हाय," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "लय गार हाय, सुले."

मी डाव्या हाताने गन लावली. इतर नळ्यांचं टेम्परेचर तेवढंच हिचं. मग डाव्या हाताने शिवूनही पाहिलं. बर्फासारखी गार. आणि माझा उजवा हात ठणकत होता.

भामरे साहेब धावत आले. "मॅडम, ॲसिड लागलं असेल." तुमच्यातले निम्मे हेच म्हणतील ना? नाही हो. इतकी वर्षं ॲसिड हाताळतेय, त्याने कातडी कशी होते ते मला पाठ आहे. शिवाय आम्ही वापरतो ते ॲसिड पिशवीतल्या पावडरीचं, आणि ते धुऊन कधीच गेलं होतं. शॉक म्हणाल तर कुलपाची किल्ली माझ्याकडे.

माझ्या तोंडून मग जे निघालं ते मलाच नवीन होतं. "साहेब, आज भट्टी लावू नका."

"का?"

"माहीत नाही."

बी.एस्सी. केमिस्ट्री! "माहीत नाही" म्हणताना मला स्वतःची लाज वाटली. पण त्या स्विचची किल्ली मी डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, माझ्यासमोर प्रेशर टेस्ट पुन्हा घ्यायला लावली. काटा पुन्हा जागच्या जागी. "आता सांगा मॅडम, मी वर काय बोलू? कोल्ड फर्नेस मॅडमच्या हाताला गरम लागली म्हणून प्रॉडक्शन बंद ठेवलं?" त्यांचं चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मला घरी पाठवलं असतं.

तेवढ्यात दादा बोलला. "साहेब, मी लायनिंग फोडतो."

लायनिंग फोडणं म्हणजे कॉइल आतून उघडी करणं. अस्तर अजून आठ-दहा दिवस सहज चाललं असतं. फोडलं की नवं भरा, ते सुकवा, म्हणजे भट्टी आणखी बंद.

"शिवाजीराव, तुमचं पण डोकं फिरलं का? ताईंना दवाखान्यात घेऊन जा तुम्ही."

"तिला नेतो. आधी फोडतो."

"आणि काही निघालं नाही तर? मी तुम्हाला वाचवू शकणार नाही, सांगून ठेवतो."

"नका वाचवू. उद्यापासून नाय येणार मी." असं म्हणून त्याने अस्तर फोडायचा ब्रेकर उचलला सुद्धा. माझा हा भाऊ, ज्याने साहेबांच्या पुढे कधी मान वर केली नाही! दोन मुली शिकतायत त्याच्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, दादा थांब, मला भास झाला असेल... पण ब्रेकर सुरू झाला होता.

अस्तर पडायला लागलं. वरचा भाग कोरडा ठणठणीत. साहेब घड्याळ बघत होते. अर्ध्याच्या खाली गेल्यावर दादाने ब्रेकर बंद केला आणि आत वाकून बोटाने काहीतरी खरवडलं. बोट बाहेर काढून आम्हाला दाखवलं. ओला चिखल लागला होता.

कॉइलवर जो सिमेंटसारखा लेप असतो, तो एका जागी गडद होता. ओला. लेप काढला, पंप लावला, आणि तांब्यातून पाण्याचा एक धागा बाहेर आला. शिलाईच्या दोऱ्याएवढा. ज्या नळीने मला भाजलं, तिच्याच वेटोळ्यात.

भामरे साहेब तिथेच एका साच्याच्या पेटीवर मटकन बसले.

ते भोक कसं पडलं हे मी सांगू शकते. तांबं कधीचं आतून कुरतडलं गेलं होतं आणि त्या भोकावर गाळ बसून त्यानेच बूच मारलं होतं. ते बूच मी काढलं. मी! इतकं मन लावून, खपल्याच्या खपल्या. राहिलेल्या चिंधीएवढ्या थरातून पाणी झिरपत होतं, आणि तेवढ्याला गेजचा काटा हलत नाही. भट्टीला गळती ओळखणारी यंत्रणा असते, हो, पण ती पॉवर दिल्यावर बोलते. वेळेत बोलली असती का? कदाचित. कदाचित नाही. मी वर प्लॅटफॉर्मकडे बघितलं, दादा उभा राहतो त्या जागेकडे, आणि सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडले.

हे सगळं समजावता येतं. माझा हात समजावता येत नाही.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, उष्णतेनं भाजलंय. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "धरून का ठेवलंत एवढा वेळ?" मी म्हटलं, क्षणभर लागला फक्त. ते हसले. "क्षणभर लागला असता तर फोड आला असता. हे खोलवर गेलंय. तुम्ही घट्ट धरून उभ्या होतात." मी त्यांच्याशी वाद घातला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, डॉक्टर बदलू या.

जखम भरायला बरेच दिवस गेले. दादाची नोकरी शाबूत राहिली हे वेगळं सांगायला नको. साहेब आता मला बघितलं की स्वतः चहा सांगतात. पण दादा... दादा माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. विषय काढला की उठून जायचा.

शेवटी निफाडला, घरच्या द्राक्षबागेत, तो बोलला. आम्ही घड साफ करत होतो. माझ्या तळहाताची कातडी ताणलेली, कात्री नीट चालेना. त्याने माझ्या हातातून कात्री घेतली आणि खाली बघतच म्हणाला, "सुले, तू हात काढला नव्हता."

"म्हणजे?"

"तू नळी धरून उभी व्हती. मी हाका मारल्या, तुला ऐकूच येईना. बोटं सोडवाया गेलो तर सुटंनात. एकेक करून सोडवली. आन् तू एकसारखं एकच बोलत व्हती."

"काय?"

"दादा, खाली ये. दादा, तिथं उभा राहू नको."

मी म्हटलं, "तू माझ्या शेजारी होतास ना पण?"

"शेजारीच व्हतो. तू माझ्याकडं बघतच नव्हती. तू वर बघत व्हती, प्लॅटफॉर्मकडं. तिथं कोणीच नव्हतं."

मी चिडले, म्हटलं एवढी मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवलीस? तेव्हाच का नाही सांगितलंस?

दादाने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "वर मी तुला दिसत व्हतो ना, सुले? मग कसा दिसत व्हतो, हे इचारायची हिंमत झाली नाय."

मला आठवत नाही. देवाशपथ काही आठवत नाही. ना मी काय बोलले ते, ना वर काय पाहिलं ते. तुमच्यापैकी कोणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन. फक्त ते आठवायचा उपाय कोणी सुचवू नका. आठवलं तर मी दादाकडे पुन्हा कशी बघू?