रिकामा न परतणारा डबा

वृंदाच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या माझ्या घरी नारळ खवत बसले होते. "वृंदा गेली गं..." एवढंच तो बोलू शकला. नारळ तिच्याचसाठी होता. तिचा स्टीलचा डबा माझ्याकडे पडून होता आणि शनिवारी तो वड्यांनी भरून ॲन आर्बरला नेऊन द्यायचा होता. ती आजारी होती हे माहीत होतं, पण शनिवारसुद्धा मिळणार नाही असं वाटलं नव्हतं.

२००१ साली ॲन आर्बरच्या बसमध्ये मला फोनवर मराठीत भांडताना ऐकून ती सरळ शेजारी येऊन बसली, तेव्हापासूनची आमची मैत्री. डबा तिचा, नियमही तिचाच. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. घाईत असली तर आत दोन लिंबं ठेवायची, पण रिकामा डबा कधी आला नाही. मी तिला वेंगुर्ल्याची कस्टम ऑफिसर म्हणायची. विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये ती मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या वनस्पती तपासायची. तिथले माया लोक पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून वापरतात, त्या पानांचे अर्क जंतूंवर आणि पेशींवर काय करतात ते बघायचं. एकदा वाळूत पसरलेल्या वेलीचा फोटो दाखवून म्हणाली, "ही आमच्याकडची मर्यादवेल. माहेरचं माणूस भेटलं बघ." त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती.

पानं यायची ती एका म्हाताऱ्या वैदूबाईकडून. तिच्या जखमेवरच्या पाल्याचे निकाल चांगले आले, अर्क जंतूंना रोखत होता. पण पोटदुखीवर ती लहान मुलांना ज्या झुडपाचा काढा द्यायची, त्याचा अर्क पेशींनाच मारत होता. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. लॅबचे प्रमुख म्हणाले, रिसर्च पेपर आधी छापून येऊ दे, मग त्या बाईला कळवू. वृंदाचं काँट्रॅक्ट नेमकं तेव्हाच संपत आलं होतं, वाढवणं त्यांच्याच हातात. मी तिला समजावलं, "थोडे महिने थांब ना यार, कशाला रिस्क घेतेस?"

"तिने पिशव्या भरभरून पानं दिली," ती म्हणाली. "मी काय रिकाम्या हाताने बसू? आणि तोवर ती पोरांना ते पाजत राहील त्याचं काय?"

रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने मेक्सिकोला गेली. दुभाष्याला मध्ये बसवून आधी चांगलं सांगितलं, मग वाईट. लॅबमधल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगितलं. म्हातारी उठली, वाळत टांगलेली त्या झुडपाची जुडी काढली आणि म्हणाली, पोरांना आता नाही देणार. निघताना तिने वृंदाच्या पिशवीत भोपळ्याच्या भाजलेल्या बिया भरल्या. त्यांतल्या अर्ध्या पुढच्या वेळी डब्यातून माझ्याकडे आल्या.

काँट्रॅक्ट वाढलं नाही. पेपर आला, त्यात ते वाईट निकालही आले, कारण वृंदाने ते गाळू दिले नाहीत. नंतर ती कॉलेजात बायॉलॉजी शिकवत राहिली आणि त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांत वावरले मी, पण मैत्रीण कोण म्हणून विचारलं की माझी मान ताठ होते ती हिच्या नावाने.

तेराव्यानंतर वड्या करून डबा श्रीकांतकडे देऊन आले. वाटलं, संपल्या आता फेऱ्या. ती पोकळी अजून जात नाही.

गेल्या रविवारी दारात वृंदाची लेक ईशा उभी. इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तरं इंग्रजीत. हातात तोच डबा, जड. मी झाकणाला हात लावला तशी ती घाईने म्हणाली, "मावशी, वेट. आधीच सांगते. वड्या मी केल्या, अँड दे आर रिअली बॅड. खालून जळल्यात."

डबा आता माझ्या ओट्यावर आहे. वड्या खरंच जळल्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या.