गाडी रेल्वेची, यादी जिल्ह्याची

शुद्धलेखन चुकेल आणि माझं अक्षरही गिचमिड आहे, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले.

कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा धाकट्या बहिणीला सातवा महिना होता. मेहुणे झाशीजवळ बिजौलीला ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला, म्हणून दोघं झाशीला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आली. पहिलं बाळंतपण आईकडे, भुसावळलाच व्हावं, एवढंच तिला हवं होतं. मी साठवलेले चार हजार सीपरी बाजारातल्या एका टॅक्सीवाल्याला आगाऊ दिले.

झाशी जिल्ह्याचा प्रवासाचा पास दोन दिवसांत मिळाला. पण वाटेत मध्य प्रदेश, पुढे महाराष्ट्र, आणि तिकडून कुणाचंच उत्तर येईना. टॅक्सीवाला म्हणाला, "भाभीजी, इस पास पे तो बॉर्डर तक घुमा लाऊँगा, बस." पैसे तोवर त्याच्या घरात खर्च झाले होते.

मग दिल्लीहून हुकूम आला, अडकलेल्या कामगारांसाठी गाड्या सुटणार. आमचे हे रेल्वेत, मला वाटलं काम झालं. हे म्हणाले, "गाडी आमची. पण बसणार कोण ते जिल्हा ठरवणार, आणि महाराष्ट्र हो म्हणेल तेव्हाच ती हलणार."

अर्ज मीच भरला आणि पत्ता आमच्या क्वार्टरचा लिहिला. रेल्वेचीच माणसं समजून दोघांची नावं यादीतून उडवली.

हे ड्युटीवर होते. परक्या माणसाशी बोलायची मला सवय नाही, तरी तहसीलीत गेले. बाबू म्हणाला, "रेलवे कॉलोनी वाले भी फँस गए, दीदी? आपकी तो घर की रेल है." मागचे लोक हसले. पिशवीतून मेहुण्यांचं कारखान्याचं कार्ड काढून समोर ठेवलं आणि म्हटलं, "ये बिजौली में काम करते थे. हमारे यहाँ तो मेहमान हैं. मेरी बहन पेट से है."

त्याने कार्ड उलटसुलट पाहिलं, माझा पत्ता खोडला, बिजौलीचा लिहिला. "महाराष्ट्र से मंजूरी आएगी तो फोन करेंगे."

आठव्या दिवशी फोन आला. स्टेशनात मला सोडलं नाही. ह्यांनीच त्यांना डब्यात बसवलं. भाची भुसावळला झाली.

टॅक्सी पुन्हा सुरू झाल्यावर तो माणूस कधी दोनशे, कधी पाचशे आणून देऊ लागला. मागायला मी एकदाही गेले नाही, धीरच झाला नाही. होळीच्या आधी तो शेवटचे तीनशे घेऊन आला. चार हजार पुरे फिटले.