झाडीतून आलेलं माहेरचं नाव

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गावी आमच्या शेजारणीच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्या डोक्यावर कळशीभर गार पाणी ओतलं होतं. देवी गेली ती परत फिरकली नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण कान शाबूत आहेत. तेव्हा हे वाचून "काकूंना भास झाला" म्हणू नका... ते मी स्वतःच आधी म्हणून बघितलंय.

२००५चा उन्हाळा. मुलगा नितीन अमेरिकेत रेडमंडला कॉम्प्युटरच्या नोकरीत, म्हणून मी आणि आमचे हे तिकडे राहायला गेलो होतो. यांचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं — चप्पल फ्रिजमध्ये, चष्मा तांदळाच्या डब्यात. एकटं सोडू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं.

एका लाँग वीकएंडला नितीनने आम्हाला ओरेगॉनमध्ये नेलं. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं, भोवती पाइनची झाडी, काठाला तंबूंची जागा, लाकडी टेबलं, भाड्याच्या होड्या. पाणी नीळ घातल्यासारखं. पाय घासायच्या वज्रीसारखे दगड ढिगांनी पडलेले, आणि पाण्यात टाकले तर चक्क तरंगतात!

दशम्या-चटणी खाऊन झाली. सून शिल्पा म्हणाली, "आई, चला ना कयाकमध्ये."

"त्या पन्हाळीत बसायला मी काय बदक आहे? तुम्ही जा."

"बाबांकडे लक्ष ठेव हं," नितीन म्हणाला.

"जन्मभर दुसरं काय केलंय?"

हे बाकावर पेंगत होते. मी पाण्याकडे पाठ करून, झाडीच्या कडेला घरी न्यायला दगड वेचत होते. तेवढ्यात समोरच्या झाडीतून हाक आली —

"यमे, मागं बघ!"

पुरुषाचा आवाज. घोगरा. फार लांबून नाही.

माझं नाव सुमन. यमू हे माहेरचं. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुमन' लिहिलं आणि यमू तिथेच संपली. माहेरचं माणूस एकही उरलेलं नाही. आणि हे? यांनी मला "अगं"शिवाय कधी हाक मारली नाही.

मी मागे बघितलं. बाक रिकामा. हे कपड्यांसकट छातीभर पाण्यात, अजून आत चाललेले... शांतपणे, नदीवर अंघोळीला निघाल्यासारखे. मी ओरडले, साडीसकट पाण्यात शिरले, पण हात पोचेना. नितीनने कयाक वळवली आणि दोघांनी मिळून यांना काठाला ओढलं. ओठ निळे पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर... असो.

यांना टॉवेलने पुसतानाही माझी नजर झाडीवर. "नितीन, तिकडे कोण आहे बघ. मराठी बोलणारा माणूस होता."

तो जाऊन आला. "कोणी नाहीये. इथे मराठी? आई, प्लीज!"

मग मी स्वतः गेले. झाडांमागे बघितलं, पार्किंगमधल्या गाड्यांत डोकावले. पोरांनीच चावटपणा केला म्हणावं, तर दोघं पाण्यात कयाकमध्ये होती. तरी परतताना नितीनला आडून विचारलं, "माझं माहेरचं नाव काय रे?"

"सुमनच ना?"

यांना विचारलं, "तुम्ही हाक मारलीत का?"

"कोणाला?" म्हणाले, आणि चहा मागितला.

हाकेतले शब्द काय होते, ते मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितले असते, तर दुसऱ्याच दिवशी मलाही डॉक्टरकडे नेलं असतं.

पुढे पुण्याला परतलो. २००८ उजाडेपर्यंत हे मलाही ओळखेनासे झाले. बोलणं जवळजवळ बंद. घसा पार बसला होता. डोळ्यांसमोर असावेत म्हणून खाट स्वयंपाकघराच्या दारातच टाकली होती. एका सकाळी मी खिडकीशी भाजी चिरत होते, तर खाटेवरून हाक आली —

"यमे, मागं बघ!"

मागे दूध उतू चाललं होतं. ते जाऊ द्या. आवाज तोच होता, झाडीतला. तळ्यावर गेलो तेव्हा यांचा आवाज खणखणीत होता. घोगरा झाला तो या आजारात.

गॅस बंद करून मी यांच्यासमोर उभी राहिले. "हे कुठं ऐकलंत? बोला."

यांनी कूस बदलली. त्यानंतर बोललेच नाहीत. पावसाळ्याआधी गेले.

त्या दिवशी तळ्यात कोण होतं, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः त्यांना पुसून कोरडं केलंय. मग झाडीत कोण होतं?