प्रकाशनाआधीच वाजलेले गाणे

ती घटना मला आजही मिनिट-सेकंदांसह आठवते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षे होती आणि मी रत्नागिरीत फौजदार होतो. गणपतीला आठ दिवस असताना आमच्या हवालदाराने बातमी आणली, की हातखंब्याला एका स्टॉलवर पांढऱ्या लेबलची कॅसेट विकली जात आहे आणि गाणे अजून प्रकाशित व्हायचे आहे.

गाणे ज्यांचे, ते भजनी मंडळात पेटी वाजवणारे मास्तर दुपारी फिर्याद द्यायला आले. त्यांच्या खलाशी मित्राने जपानहून सिंथेसायझर आणि ताल देणारे यंत्र आणले होते. मित्राच्याच घरी, खिडक्यांवर गोधड्या टांगून, त्याच्याच टेपडेकवर दोघांनी गाणे तयार केले. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच एक गाणे. मुंबईहून पाचशे प्रती आल्या होत्या. चाकरमानी गावी आले की त्या बाजारात यायच्या होत्या.

"एकही प्रत मी कोणाला दिली नाय, साहेब," मास्तरांनी जबाब दिला. संशयित म्हणून खलाशाचे नाव लिहिले गेले.

स्टॉलवाला म्हणाला, "गिऱ्हाईकानं दिली. नाव कोण विचारतंय?" खलाशाला मी दोन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, ठाण्यात बसवले. त्याला आठवड्यात मुंबईला बोटीवर रुजू व्हायचे होते. त्यासाठी लागणारा पोलीस पडताळणीचा कागद सहीसाठी माझ्याच टेबलावर होता. गुन्हा नावावर लागला असता तर बोट गेली असती आणि पुढचीही मिळाली नसती.

"घर तुझं, टेपडेक तुझा. मग कॅसेट बाहेर गेली कशी?"

"माझ्या हातून नाय गेली."

"मग मास्तरांच्या हातून?"

"त्यांचं नाव माझ्या तोंडातून काढू नका, साहेब. बोट गेली तरी चालेल."

मुद्देमालाचे वर्णन मी नेहमी मोजून लिहीत असे. स्टॉलवरच्या शेहेचाळीस कॅसेट जप्त केल्या, त्यातली एक घड्याळ लावून ऐकली. चार मिनिटे पंधरा सेकंद. मास्तरांकडची सीलबंद प्रत चार मिनिटे बत्तीस सेकंद भरली. पुन्हा मोजले, आकडे तेच. मास्तरांना बोलावले.

"शेवटी लाटेसारखा सूर हाय ना, तो मागाहून घातला," ते म्हणाले. "पहिल्या टेपात नव्हता."

"पहिली टेप कुठे आहे?"

"ती देवापुढं ठेवली."

"तुम्ही तर म्हणालात, कोणाला दिली नाही!"

"माणसाला कुठं दिली, साहेब?"

त्यात लबाडी नव्हती. इकडे पहिला आंबा, पहिली लोंबी ग्रामदेवतेपुढे ठेवतात. देवाला दिलेले कोणी 'दिले' म्हणून सांगत नाही.

देवळात गेलो. गुरव शांतपणे म्हणाला, "स्टॉलवाला नवस फेडायला आलेला. देवापुढची कॅसेट प्रसाद म्हणून मागितली, मी दिली. नारळ देतो तशी. आमच्याकडं वाजवायला टेप कुठं हाय?"

गुरवाचा जबाब वाचून दाखवताच स्टॉलवाल्याने कबुली दिली. गाणे कोणाचे हे त्याला ठाऊक होते, प्रती त्यानेच काढल्या होत्या. त्याच्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. खलाशाला मी त्याच संध्याकाळी सोडले आणि कागदावर सही केली.

गणपतीच्या आदल्या दिवशी कॅसेट बाजारात आली आणि चांगली खपली. मास्तर एक प्रत घेऊन ठाण्यात आले.

"मित्र काय म्हणतो?" मी विचारले.

"गेला. स्टँडवर गेलेलो मी त्याला सोडायला. गाडी हलेपर्यंत पलीकडच्या खिडकीकडं तोंड करून बसला."

त्यांना मी चहा पाजला. एक गोष्ट मात्र आमच्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. फिर्याद लिहिताना मी 'संशय कोणावर?' असे विचारले, तेव्हा मास्तर 'कोणावर नाय' म्हणाले होते. रकाना रिकामा राहू नये म्हणून मी तीनदा विचारले. तिसऱ्या वेळी त्यांनी ते नाव घेतले.

पुढच्या सगळ्या नोकरीत, फिर्यादी एकदा 'कोणावर नाही' म्हणाला, की मी तेवढेच लिहून घेत असे.